कायदा आणि कवायत

बेथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात एकदा ऐकली की माणूस ती विसरत नाही. तीन आखूड स्वर आणि मग खाली उतरलेला एक लांब स्वर. लगेच तीच आकृती एक पायरी खालून पुन्हा येते. आपला कान म्हणतो, ‘तेच आलं.’ आता हे आठ स्वर आकड्यांत मांडून संगणकापुढे ठेवू. पहिल्या वेळची उडी चार अर्धस्वरांची आहे, दुसऱ्या वेळची तीन अर्धस्वरांची. संगणकाच्या दृष्टीने चार म्हणजे तीन नव्हे. मग ‘तेच’ आलं कुठून?

संगीतातल्या अशा लहानशा, ओळखीच्या स्वराकृतीला पाश्चात्त्य लोक मोटिफ म्हणतात. आपण सोयीसाठी बीज म्हणू. या बीजांचं गणिती प्रतिरूप तयार करायचं, ते संगणकाला द्यायचं आणि त्याच्या मदतीने संगीतरचना करायची, हा उद्योग गेली सत्तर वर्षं चालू आहे. आता नुसता हुकूम दिला की गाणं करून देणारी यंत्रं घरोघरी आल्यामुळे तो संपल्यासारखा वाटतो. मला वाटतं, त्यातला मूळ प्रश्न अजून तिथेच आहे: दोन स्वराकृती एकच आहेत हे ठरवतं कोण? या लेखात मी त्या उद्योगातले काही नामांकित प्रयत्न या एका प्रश्नावर घासून पाहणार आहे.

आधी बेथोवनचा गुंता सोडवू. तो आपल्याकडच्या गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीनेही सोडवलेला असतो. ती पलटे म्हणते: सारेग, रेगम, गमप. अर्धस्वरांत मोजलं तर पहिल्या गटातली अंतरं दोन-दोन, दुसऱ्यातली दोन-एक, तिसऱ्यातली एक-दोन. तिन्ही वेगळी. तरीही तिला कोणी समजावून सांगावं लागत नाही की हा एकच पलटा आहे, कारण ती अर्धस्वर मोजत नाही, सप्तकाच्या पायऱ्या मोजते. तिला भूपात तोच पलटा म्हणायला सांगा. ती मध्यम आणि निषाद गाळून सारेग, रेगप, गपध म्हणेल. पायऱ्या बदलल्या, पलटा तोच राहिला.

म्हणजे संगणकाला अर्धस्वरांऐवजी पायऱ्या मोजायला शिकवलं की काम झालं? बेथोवन इतक्यावर सोडत नाही. पहिल्याच भागात पुढे हॉर्नवर तेच तीन ठोके येतात आणि चौथा स्वर चार पायऱ्यांच्या अंतरावर खाली पडतो. तिसऱ्या भागात हॉर्न चारही स्वर एकाच जागी वाजवतात, उतरण नाहीच. लयही बदललेली असते. पहिल्या भागात आकृती अर्ध्या मात्रेच्या विश्रांतीनंतर सुरू होते, इथे थेट समेवर. उरतं काय, तर तीन आखूड, एक लांब. तरी सभागृहातला प्रत्येक जण म्हणतो, ‘तेच आलं.’ प्रत्येक वेळी काहीतरी सुटतं आणि काहीतरी टिकतं, आणि टिकणारी गोष्ट दर वेळी वेगळी असते. बीज ही वस्तू नव्हे, ते एक नातं आहे. प्रतिरूप करणाऱ्याची अडचण इथून सुरू होते.

या अडचणीच्या अलीकडे थांबलेला एक भव्य प्रयत्न आपल्याच मातीतला आहे. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या काळात, देवगिरीला शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सात स्वरांच्या सगळ्या जुळण्यांचा प्रस्तार आहे. सात स्वर, प्रत्येक एकदाच, तर क्रम होतात ५,०४०. शार्ङ्गदेव तेवढ्यावर थांबत नाही. खंडमेरू नावाच्या कोष्टकाने तो अशी सोय करतो की कितव्या क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तान कितव्या क्रमांकाची, ही दोन्ही उत्तरं सगळी यादी न लिहिता काढता यावीत. संगणकशास्त्राचा आजचा विद्यार्थी हेच गणित दुसऱ्या वर्षाला शिकतो. पण प्रस्तारात ५,०४० तानांचं मोल सारखंच आहे. तो काय शक्य आहे ते सांगतो. त्यातलं गाण्याजोगं कोणतं, हा निवाडा त्याने गवयावर सोडला, आणि तो शहाणपणाने सोडला असं मी म्हणेन.

यंत्राने पहिल्यांदा हा निवाडा करून पाहिला तो इलिनॉय विद्यापीठात. लेजारेन हिलर हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ. त्याने लेनर्ड आयझॅक्सनबरोबर १९५६-५७मध्ये इलियाक या अगडबंब संगणकाकडून तंतुवाद्य चौकडीसाठी रचना करून घेतली. तिचं नाव ‘इलियाक सूट’. पद्धत सोपी होती. यंत्राने यादृच्छिक आकडे काढायचे, त्यांना स्वर मानायचं आणि नियमात न बसणारे फेकून द्यायचे. पहिल्या दोन भागांत हे नियम जुन्या प्रतिसंगीताच्या पाठ्यपुस्तकांतले आहेत. चौथ्या भागात मार्कोव्ह साखळी आहे, म्हणजे नुकत्याच झालेल्या हालचालीवरून पुढच्या हालचालीची शक्यता ठरते.

ही रचना आज ऐकली तर काय ऐकू येतं? दुसरा भाग नीटनेटका आहे आणि चौथा भरकटलेला. भरकटण्याचं कारण कानाला लगेच कळतं: इथे काहीच परत येत नाही. यंत्राला मागचं पाऊल आठवतं, मागचं वाक्य आठवत नाही. आठवण नाही तिथे बीजही नाही. ‘इलियाक सूट’चं ऐतिहासिक महत्त्व कोणी नाकारणार नाही. पण चूक टाळणं म्हणजे संगीत करणं नव्हे, हे तिने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कोणत्याही टीकाकाराला दाखवता आलं नसतं.

बीजाच्या प्रश्नाला थेट भिडलेला गणिती म्हणजे झ्युरिकचा गेरिनो माझोला. फ्री जॅझ वाजवणारा पियानिस्ट, व्यवसायाने गणितज्ञ, आणि ‘द टोपोस ऑफ म्युझिक’ या २००२च्या तेराशेहून अधिक पानांच्या ग्रंथाचा कर्ता. त्याच्या मते बीज म्हणजे काळ आणि स्वरउंची यांच्या पटावरचे काही बिंदू. त्या बिंदूंवर कोणकोणती रूपांतरं केली तरी आकृती ‘तीच’ मानायची हे आधी ठरवायचं: वर-खाली सरकवणं, आरशासारखं उलटं करणं, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचणं. मग दोन आकृत्यांतलं अंतर मोजायचं आणि जवळच्या आकृत्यांना शेजारी मानायचं. एखादी छोटी आकृती रचनेत कुठे कुठे, किती मोठ्या आकृत्यांच्या पोटात सापडते यावरून तिचं वजन काढायचं. त्याच्या ‘रुबाटो’ या प्रणालीने शूमनच्या ‘ट्रॉयमेराय’ या पियानोच्या छोट्या तुकड्यातली अशी वजनं काढली आणि त्यांवरून वादनातली लय आणि जोर कसा असावा हेही ठरवून पाहिलं.

हे काम किती जड आहे याचा अंदाज एका हिशेबाने येईल. शंभर स्वरांच्या चालीतून कोणतेही चार स्वर निवडायचे तर ३९,२१,२२५ आकृत्या होतात. त्यातल्या बहुतेक कोणी ऐकलेल्या नसतात आणि ऐकणारही नाही. हा पसारा आवरायला माझोलाचं गणित उपयोगी पडतं. बारा स्वर आणि बारा कालस्थानं अशा चौकटीत तीन बिंदूंच्या ४,८७,३४४ आकृत्या बसतात. ठरलेल्या रूपांतरांनी एकमेकींत बदलणाऱ्या आकृत्यांना एक मानलं की वर्ग उरतात फक्त २६. या सव्वीस वर्गांवर, स्वतःच्या ‘प्रेस्टो’ या प्रणालीच्या मदतीने, त्याने १९९०च्या सुमारास ‘सिंथेसिस’ नावाची मोठी रचना उभारली. विचाराचा आवाका पाहिला की टोपी काढावीशी वाटते.

पण टोपी काढताना कान झाकले जाऊ नयेत. त्या सव्वीसांत येण्यासाठी ज्या रूपांतरांना परवानगी दिली आहे, त्यांत काळ आणि स्वरउंची यांची अदलाबदलही बसते. कागदावर आकृती काटकोनात फिरली, एवढंच. कानाला मात्र ती सर्वस्वी परकी चाल आहे. कोणताही श्रोता ‘तेच आलं’ म्हणणार नाही. शेवटाकडून सुरुवातीकडे वाचण्याचंही तसंच. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटं वाचलं तरी तेच राहतं याची गंमत डोळ्यांना कळते. स्वरांच्या बाबतीत उलट वाचन हा पाश्चात्त्य परंपरेतला जुना मान्य खेळ आहे, पण रागसंगीतात तो अनेकदा थेट चूक ठरतो. देस रागात वर जाताना शुद्ध निषाद लागतो: म प नि सां. हेच स्वर उलटे म्हणून खाली आलात तर देस मोडतो. उतरताना निषाद कोमल हवा, आणि धैवत घेऊनच खाली यायला हवं. आरोह उलटा केला की अवरोह होतोच असं नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

माझोलाचं गणित चुकलेलं नाही. पण कोणती रूपांतरं मान्य करायची ही निवड म्हणजे सौंदर्याचा निवाडा आहे, आणि तो निवाडा पहिल्याच पानावर, गृहीतकाच्या वेषात, उरकलेला असतो. पुढची हजार पानं त्या निवाड्याचे परिणाम निर्दोष काढतात. मूळ निवाड्याला आव्हान देणारा कान त्या पानांत कुठे बसवायचा, याचं उत्तर मला त्यात सापडत नाही.

कानाला कामाला लावलं ते डेव्हिड कोपने. सांताक्रूझला; मुंबईच्या नव्हे, कॅलिफोर्नियातल्या, इथल्या बे एरियातल्या मराठी मंडळींना गाडीने सहज जाता येईल अशा. १९८१मध्ये एका ऑपेराचं काम अडून बसलं म्हणून या संगीतकाराने आपलीच शैली शोधणारी संगणकप्रणाली लिहायला घेतली, आणि तिचं पुढे ‘एक्सपेरिमेंट्स इन म्युझिकल इंटेलिजन्स’, लाडाने ‘एमी’, झालं. एमी एखाद्या संगीतकाराच्या रचनांचे तुकडे करते आणि नव्याने जुळवते. एकाहून अधिक रचनांत सापडणारी स्वराकृती ही त्या संगीतकाराची ‘सही’, असं कोप मानतो. सह्या शक्यतो न मोडता, त्यांच्या योग्य जागी ठेवायच्या आणि बाकीचं नव्याने विणायचं. पत्रलेखनाची नक्कल करणारा माणूस ‘शि. सा. न. वि. वि.’ जिथल्या तिथे ठेवून मधला मजकूर बदलतो, तसंच हे.

परिणाम अस्वस्थ करणारा होता. १९९७मध्ये ओरेगन विद्यापीठात तीन रचना वाजवल्या गेल्या: एक बाखची, एक एमीची बाखच्या शैलीतली आणि एक तिथल्याच स्टीव्ह लार्सन या प्राध्यापकाची. श्रोत्यांनी एमीची रचना खऱ्या बाखची ठरवली आणि लार्सनची यंत्राची. लेखक डग्लस हॉफस्टॅटर या प्रकरणाने इतका हादरला की पुढे वर्षानुवर्षं त्यावर बोलत आणि लिहीत राहिला.

मला त्या निकालापेक्षा महत्त्वाची वाटते ती एमीच्या पोटातली एक साधी गोष्ट. सह्या शोधताना किती फरक चालवून घ्यायचा हे ठरवणाऱ्या कळा कोपच्या हातात होत्या. फार आवळल्या तर एकही सही सापडत नाही, फार सैल सोडल्या तर सगळंच सही ठरतं. मधली जागा कोणती? ती कोप ऐकून ठरवत असे. म्हणजे बाखचं बाखपण आकड्यांतून आपोआप वर आलं नाही. चांगल्या संगीतकाराच्या कानाने ते गाळून घेतलं. कोपने हे लपवलं नाही, पुस्तकांत लिहिलं आहे. पण श्रोत्यांसमोर गोष्ट ‘यंत्राने बाख केला’ अशीच पोहोचली, आणि त्या गाळणीचं श्रेय कुणालाच मिळालं नाही. बाखच्या शैलीतले पाच हजार कोराल एमीने एका दमात काढले, असं सांगितलं जातं तेव्हा प्रस्ताराच्या पाच हजार तानांची आठवण येते. पुढे कोपने एमीमागचा आपला साठा पुसून टाकला. ज्याचं उत्पादन कधीच थांबत नाही त्याकडे कोणी लक्ष देऊन पाहत नाही, हे त्याच्या इतकं कुणाला कळलं असेल?

या सगळ्यांत माझं मत ज्या प्रयत्नाला आहे तो सर्वांत कमी गाजावाजा झालेला आहे, आणि तो भारतात झाला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपेन हा इंग्रज संशोधक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाबरोबर त्याने ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली बांधली. विषय कायदा. दिल्लीचा सर्वांना पाठ असलेला कायदा घेऊ: धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना. कायद्याच्या विस्तारात बोल मूळचेच हवेत, बाहेरचा पाहुणा चालत नाही. पूर्वार्ध भरी, उत्तरार्धात खाली, म्हणजे डग्ग्याचा घुमार काढून घ्यायचा आणि धाचा ता करायचा. पण सबंध उत्तरार्ध खाली करायचा नसतो. वर पाहा, ‘ताता तिट’नंतर ‘धाधा’ परत आलं आहे. भरी कुठून परतवायची यात घराण्याची समज असते. भोळ्या यंत्राने सरळ ‘ताता तिट ताता तिंना’ लिहिलं असतं.

किपेन आणि बेल यांनी हे नियम भाषेच्या व्याकरणासारखे लिहिले. यंत्र त्या व्याकरणातून नवे विस्तार काढी आणि ते उस्तादांपुढे ठेवले जात. उस्ताद काही मान्य करत, काही नाकारत, काही दुरुस्त करत. नाकारलेला विस्तार टाकून देऊन काम संपत नसे. तो ज्या नियमातून निघाला तो नियम शोधून बदलला जाई. उलटही चाले: उस्तादांनी वाजवलेला विस्तार व्याकरणात बसत नसेल तर दोष व्याकरणाचा मानला जाई. पुढच्या टप्प्यात उदाहरणांवरून नियम स्वतः अनुमानणारी प्रणाली त्यांनी केली आणि तिच्या नावाची आद्याक्षरं अशी जुळवली की शब्द व्हावा ‘कवाईद’, म्हणजे व्याकरण. मूळ अरबीत कायदा एकवचन आणि कवाईद त्याचं अनेकवचन. मराठीने दोन्ही शब्द घेतले, पण वेगवेगळ्या वाटांनी नेले. कायद्याचा आपण सरकारी नियमही केला आणि तबल्याचा विस्तारक्षम आराखडाही. कवाईदची झाली कवायत: एक साथ, एक-दोन-एक.

माझा निकष या दोन शब्दांत मावतो. बीजाचं प्रतिरूप कायदा आहे की कवायत? जिथे जाणकाराचा नकार नियमापर्यंत पोहोचतो आणि नियम बदलतो, तिथे कायदा. जिथे नियम आधी ठरला आणि कान नंतर त्याच्या मागे चालवायचा, तिथे कवायत. बोल प्रोसेसरमध्ये नकाराला जागा बांधून दिली होती. कोपकडे ती होती, पण एकाच माणसाच्या कानात बंद. माझोलाकडे आणि हिलरकडे ती जवळपास नव्हतीच.

बोल प्रोसेसरलाही मर्यादा आहेत. त्याला आयती गोष्ट मिळाली ती अशी की तबल्याला स्वतःची बोली भाषा आहे. धा, तिट, धिंना ही सुटी अक्षरंच आहेत आणि उस्ताद स्वतः त्यांतच विचार करतात. निकास, वजन, बोलांमधली हवा यांतलं काहीही त्या अक्षरांत नसतं, आणि उस्तादांनी दुरुस्त्या करताना हे सगळं आपल्या मनाने भरून घेतलं असणार. रागाला तर अशी सुटी अक्षरंही नाहीत. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच आहेत: सा रे ग प ध. भूप गंधाराभोवती फिरतो, देशकार धैवतावर ठाण मांडतो आणि रिषभाला फारसं थारा देत नाही. हा फरक स्वरांच्या यादीत दिसत नाही. तो एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटेत आहे. ही वाट दाखवण्याचं चांगलं काम मुंबईच्या एनसीपीएत विम व्हान डर मेर आणि सुवर्णलता राव यांनी ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या साथीने केलं आहे. त्यांच्या ‘ऑट्रिम’ प्रकल्पात गाणं चालू असताना स्वराची रेघ पडद्यावर सरकते आणि मींड डोळ्यांना दिसते. तिथे बीज कोणतं हे यंत्र ठरवत नाही. ते दाखवून गप्प बसतं, आणि हा विनय मला मोलाचा वाटतो.

हे सगळं परदेशातल्या मराठी वाचकाला का सांगायचं? कारण आपल्या घरांत कवायत शिरली आहे. गुरू दूर, वेळेचं गणित उलटं, म्हणून मुलं रोजचा रियाज ॲपबरोबर करतात. यातली बरीच ॲपं पकड नावाचा ठराविक स्वरक्रम देतात आणि तो सुरात, वेळेत म्हटला की हिरवी खूण दाखवतात. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली ती गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून. तिथे शिष्य शंका काढतो आणि गुरू अपवाद सांगतो. पकड हा त्या संभाषणातला एक टप्पा आहे. ॲपमध्ये तिचा पासवर्ड होतो. मुलीने ‘ग रे सा’ ऐवजी गंधारावर थोडं रेंगाळून, धैवताचा कण लावून तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने म्हटली, तर यंत्राला ती चूक दिसते. भूप तर तिथेच सुरू होत असतो.

मी ॲप फेकून द्या म्हणत नाही. तानपुरा लावायला, सूर जोखायला, ठेक्याबरोबर टिकायला ती उत्तम आहेत, आणि पलटे घोटण्यात कवायतीला जागा आहेच. पण ‘हा भूप झाला का’ हा प्रश्न हिरव्या खुणेवर सोडू नये. आठवड्यातून एकदा का होईना, तो जाणत्या माणसाला विचारावा, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर का, हे मुलीने उलट विचारावं. नव्या यंत्रांकडून गाणी करवून घेणाऱ्यांनीही हेच तपासावं: यातलं काय परत आलं, ते परत आल्याचं मला ऐकू आलं का, आणि मी ‘हे नाही’ म्हटलं तर या यंत्रात कुठे काही बदलतं का? बहुतेक वेळा ते पुढचा नमुना काढून देतं, पाच हजार एकावा.